कोंबडीला लागतंच किती?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग सोयाबीन निघालं, मग नातीचं लग्न. आज लिहितोय ते मात्र राहवत नाही म्हणून. आधीच सांगून ठेवतो, विषय कोंबड्यांचा आहे. आमच्या नात्यात माळकरी मंडळी बरीच आहेत, त्यांनी हा लेख सोडून दिला तरी माझी हरकत नाही. (सोडू नये, ही विनंती.)

माझ्या पुतण्याचं इथे अनसिंगच्या शिवारात कोंबड्यांचं शेड आहे. पाच हजार पक्ष्यांचं. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीचं जागरण याचं. चाळीसेक दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे गेला की गाडी येते, वजन होतं आणि किलोमागे ठरलेली मजुरी मिळते. गाडी यायच्या आधी काही तास खाद्याची भांडी वर उचलून ठेवायची असतात. पोट रिकामं असलं की वाटेत घाण कमी होते, कापताना आतडं फुटून मांस खराब होत नाही. आठ ते बारा तास उपास, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू. इथपर्यंत माझंही काही म्हणणं नाही.

गेल्या डिसेंबरात याने सांगितल्याप्रमाणे दुपारी चारला भांडी उचलली. गाडी रात्री अकराला येणार होती. आली नाही. सकाळी फोन केला तर, निघालीच आहे, भांडी खाली सोडू नका. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मी शेतात गेलो होतो तेव्हा हा शेडच्या दारात उभा होता. म्हणाला, "काका, पक्षी तूस खाऊन राह्यले." मी आत पाहिलं. खरंच, पायाखालचं तूस टोचून टोचून गिळत होते. मधे एखादं भांडं वाऱ्याने हललं की शेकडो माना एकदम वर व्हायच्या.

गाडी दुसऱ्या दिवशी रात्री दहाला आली. म्हणजे तीस तास. याने आदल्या दिवशी पंचवीस पक्षी तोलून पाहिले होते, सरासरी भरली होती २ किलो १०० ग्रॅम. गाडीवर भरली १ किलो ९७०. चार हजार आठशे पक्ष्यांवर हिशेब करा, सहाशे किलोच्या वर माल हवेत गेला. वर पुन्हा किती खाद्यात किती वजन झालं ते गणित बिघडलं म्हणून मजुरीचा दर कापला, तो वेगळाच.

मी कंपनीच्या सुपरवायझरला विचारलं. पोरगा वाईट नव्हता, चहा घेत अगदी समजावणीच्या सुरात बोलला, "गुरुजी, तुम्ही उगाच टेन्शन घेता. एक दिवस उपाशी राहिल्याने काही होत नसतं. उपाशी कोंबडीला लागतंच किती? खायला नसलं की तिची गरजच कमी होते. हे शास्त्र आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून महिनाभर गेलं नाही. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, शास्त्राशी माझा संबंध परीक्षेला पर्यवेक्षण करण्यापुरता. पण माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याला पशुवैद्यकीय शिकला आहे. त्याला फोन लावला, त्याने पाठवलेलं नातवाकडून समजून घेतलं, पुन्हा पुन्हा विचारून त्याला बेजार केलं. (माझ्या तासाला हाच मुलगा शंका विचारून मला बेजार करायचा, तेव्हा फिटंफाट.) आणि मंडळी, मला कळलं ते असं की सुपरवायझर खरं बोलत होता! उपाशी कोंबडीची गरज कमी होते. फक्त का कमी होते, हे त्याने सांगितलं नाही.

कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, ४१ अंशांच्याही वर. ही चूल पेटती ठेवायला सारखं सरपण लागतं. दाणा बंद झाला की आधी गळ्याजवळच्या पिशवीत साठलेलं संपतं. मग यकृतात ठेवलेली थोडीशी साखर, ती एखाद्या दिवसाचीही नसते. त्यानंतर चरबी. अंगावर चरबी आहे तोवर शरीर काटकसरीने चालतं, मांसाला शक्यतो हात लावत नाही. चरबी संपत आली की मग मांस, म्हणजे छातीचे आणि पायांचे स्नायू. इथे एक हिशेब सांगतो, तो मला फार उद्बोधक वाटला. एक ग्रॅम चरबी जाळली तर नऊ कॅलरी मिळतात. एक ग्रॅम ओलं मांस जाळलं तर जेमतेम एक, कारण मांसात पाऊण हिस्सा पाणीच. म्हणून चरबीवर जगणारा पक्षी हळूहळू उतरतो, आणि मांसावर आला की भराभर. इव्हॉन ल माओ नावाच्या फ्रेंच संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेंग्विन आणि हंसांवर हे टप्पे नीट मांडून दाखवले आहेत. दक्षिण ध्रुवावरचा नर पेंग्विन अंडं पायावर घेऊन जवळजवळ चार महिने काही खात नाही, पण त्याआधी तो चरबीने तट्ट फुगलेला असतो. आपल्या शेडमधल्या चाळीस दिवसांच्या पोराला असली तयारी करायला कोणी वेळ दिलेला नसतो.

आता गरज कमी होते कशी? यकृत आणि आतडी वजनाने लहान, पण खर्चाला मोठी. घरातला एखादा वडीलधारा कोपऱ्यात बसलेला असावा आणि निम्मा दवाखाना त्याच्यावरच व्हावा, तसं. उपाशी शरीर आधी हीच आवरायला घेतं. आतडी आक्रसतात, यकृत लहान होतं. पचवायला काही नाही, म्हणून पचवण्याचा खर्च नाही. गळ्यातल्या ग्रंथीचा जो रस चूल भडकती ठेवतो तो कमी होतो. पक्षी हालचाल कमी करतो, पिसं फुलवून एका जागी बसतो. आणि अंगच घटलं म्हटल्यावर घटलेल्या अंगाला कमी लागणार, हे तर उघडच आहे. या सगळ्याची बेरीज म्हणजे सुपरवायझरचं "गरज कमी होते."

दुष्काळात बियाणं दळून खाल्लं तर पुढच्या हंगामात पेरणीचा खर्च वाचतो. त्याला कोणी काटकसर म्हणत नाही.

माझा विद्यार्थी पुढे म्हणाला, सर, ब्रॉयलरचं सोडा, त्याचं आयुष्यच चाळीस दिवसांचं. अंड्याच्या कोंबडीचं ऐका. अंड्याची कोंबडी रोज साधारण ११० ग्रॅम खाते आणि जवळपास रोज एक अंडं देते. त्या अंड्याच्या टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, त्यातलं काही तिच्या हाडांतून निघालेलं. सव्वा-दीड वर्षात ती थकते, अंडी कमी होतात, टरफल पातळ होतं. तेव्हा मालकापुढे दोन वाटा, विकून टाकायची किंवा तिची पिसं मुद्दाम गाळायला लावायची. निसर्गात कोंबडी आपोआप पिसं गाळते, अंडी थांबवते, विसावा घेते आणि पुन्हा घालू लागते. हे लवकर आणि सगळ्यांचं एकदम व्हावं म्हणून जगभर वर्षानुवर्षं एक सोपी युक्ती चालत आली. उजेड कमी करायचा आणि खाद्य बंद करायचं. एक दिवस नव्हे, आठवडा ते पंधरवडा. वजन पाव ते तिसरा हिस्सा उतरेपर्यंत! त्यात चरबी जाते, मांस जातं, यकृत लहान होतं, अंडाशय आणि अंडनलिका वाळल्यासारख्या होतात, हाडं झिजतात. मग पुन्हा खाद्य सुरू. जी जगते ती नव्याने अंडी घालते.

मी घरी हे वाचून दाखवलं तर सौ. म्हणाल्या, "बाई, बाळंतिणीला उपाशी ठेवून पुन्हा दिवस जावेत म्हणायचं का हे!"

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने मार्च २०११ मध्ये देशभरातल्या पोल्ट्रीवाल्यांना ही उपासमारीची पद्धत बंद करायला सांगितलं. खरं म्हणजे त्यासाठी नवीन काही सांगण्याची गरज नव्हती. १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमातच, पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं ही क्रूरता म्हणून लिहिलेली आहे. दंड वाचाल तर हसाल. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास, असं त्या कायद्यात लिहिलं. पन्नास रुपयांत आज अर्धा डझन अंडी येतात. अमेरिकेत अंडी-उत्पादकांच्या मोठ्या संघटनेने २००६ पासून ही रीत आपल्या नियमांतून काढली. तीही काही एकदम दया उपजली म्हणून नाही. उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांची रोगाशी झगडायची ताकद जाते आणि सॅल्मोनेला नावाचा जंतू त्यांच्यात सहज फोफावतो, हे तिथल्याच सरकारी प्रयोगशाळेत दिसलं होतं. गिऱ्हाइकांचा दबाव होताच. आणि मौजेची गोष्ट म्हणजे गव्हाच्या कोंड्यासारखं हलकं खाद्य पोटभर दिलं तरी पिसं गळतात, विसावा मिळतो आणि अंडी पुन्हा सुरू होतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालं. म्हणजे उपाशी ठेवायची गरजच नव्हती. सोपं होतं आणि फुकट होतं, म्हणून करत होते.

यावर हमखास येणारा एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीच माझ्या विद्यार्थ्याला ऐकवला. आमच्या आईच्या गावरान कोंबड्या खुडूक बसायच्या. डालग्याखाली एकवीस दिवस. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची की लगेच परत अंड्यांवर. समोर जोंधळे टाकले तरी पोटभर खायची नाही. एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन निघायची तेव्हा हातात धरली तर नुसती हाडं. मग तिला कोण क्रूर म्हणणार? तो म्हणाला, सर, तिची भूकच तेव्हा खाली उतरलेली असते. किती हलकं व्हायचं हे तिच्या शरीराने आधीच ठरवलेलं असतं आणि त्याची बेगमीही केलेली असते. शेडमधल्या पक्ष्याची भूक तशीच्या तशी असते, फक्त भांडं वर टांगलेलं असतं. मला हे पटलं. एकादशीचा उपास आणि घरात दाणा नसणं या दोन्हींत पोट सारखंच रिकामं असतं, पण आपण दोन्हींना एक म्हणत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. हे वाचून मी खरोखर चक्रावलो. आपण जे ब्रॉयलर खातो त्यांचे आईबाप वेगळे पाळतात. ही जात एवढी खादाड करून ठेवली आहे की आईबापांना पोटभर खाऊ दिलं तर ते लठ्ठ होऊन मरतील, धड अंडी घालणार नाहीत. म्हणून वाढीच्या दिवसांत त्यांना जे खावंसं वाटतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर ठेवतात. बऱ्याच ठिकाणी एक दिवसाआड. आता सुपरवायझरच्या शास्त्राप्रमाणे एक दिवसाआड जेवणारी कोंबडी काटकसरी निघायला हवी. निघते उलटी! तेवढंच खाद्य रोज थोडं थोडं दिलेली कोंबडी त्यावर जास्त चांगली वाढते. कारण एक दिवसाआड खाणारी जे मिळेल ते आधी यकृतात चरबी करून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी काढून जाळते. ठेवताना दलाली, काढताना दलाली. तिचं यकृत मोठं, गळ्याची पिशवी मोठी, चरबीकडे ओढा जास्त. उपास घडलेलं शरीर पुढच्या उपासाची तयारी करत बसतं. गरज कमी झाली म्हणता, मग ही दलाली कोणाच्या खात्यावर लिहायची?

आता काही नातेवाईक म्हणतील (एक मेहुणे तर नक्कीच), माणसं उपाशी मरतात आणि यांना कोंबड्यांचा पुळका. अहो, मी माणसांकडेच येतोय.

"त्यांना सवय असते." "त्यांना लागतं कमी." ही वाक्यं मी आयुष्यभर ऐकली आणि ती कधी उपाशी माणसाच्या तोंडून ऐकली नाहीत. आपल्या महाराष्ट्रात यावर विद्वानांचा मोठा वाद झालेला आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचं माप काढताना माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार घेतला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे, जागतिक अन्न संघटनेत सुमारे वीस वर्षं सांख्यिकीचे प्रमुख राहिलेले फार मोठे माणूस, ते म्हणाले की असा एकच आकडा धरणं चूक आहे. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेतं, त्यामुळे या मापाने उपाशी माणसं फुगवून मोजली जातात. सुखात्म्यांनी 'मर्यादेत' हा शब्द विचारपूर्वक वापरला होता. आपल्याकडे वापरणाऱ्यांनी तो गाळला आणि 'जुळवून घेतं' एवढंच उचललं. जुळवून घेणं म्हणजे काय, हे पाहायचं तर अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये झालेला प्रयोग आहे. छत्तीस धडधाकट तरुण स्वखुशीने चोवीस आठवडे अर्धपोटी राहिले. वजन पाव हिस्सा गेलं, स्वस्थ पडून असतानाचा शरीराचा खर्च चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरला. गरज कमी झाली! भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची, जिना चढताना थांबावं लागायचं, हसणं-बोलणं आटलं, डोक्यात अन्नाशिवाय काही येईना. पुढे पोटभर खायला दिल्यावर चरबी आधी परतली, मांस मागाहून. म्हणजे कोंबडीची आणि आपली तऱ्हा एकच.

आणि आता जे लिहितो ते आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मी नोकरीला लागलो १९७३ मध्ये. बहात्तरच्या दुष्काळाची झळ तेव्हा घराघरात होती. मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर यायची, बायामाणसं खडी फोडायला जायची, सुकडीची पाकिटं मिळायची. माझा चौथीचा वर्ग अतिशय शांत असे. शेजारच्या गुरुजींना छडी लागे, मला लागत नसे. मुलं हाताची घडी घालून बसलेली, कोणी खोड्या काढत नाही, मधल्या सुट्टीतही बरीचशी भिंतीला टेकून उन्हाला बसलेली. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाची शिस्त वाखाणण्याजोगी असल्याचा शेरा वहीत लिहिला. मी तो शेरा घरी वाचून दाखवला होता. पुढे कित्येक वर्षं नवीन शिक्षकांना तो वर्ग उदाहरण म्हणून सांगत आलो.

पिसं फुलवून एका जागी बसलेले पक्षी त्या दिवशी शेडमध्ये पाहिले आणि मला तो वर्ग दिसला.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली. तेव्हा आम्ही शिक्षकांनी एकमेकांत केलेली पहिली तक्रार कोणती असावी? की खिचडी खाऊन दुपारच्या तासाला मुलं फार दंगा करतात. मीही केली होती ती तक्रार. नंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एक अंडं मुलांना द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून टाकला. हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आठवड्याला एक अंडं, तेही जड झालं. त्या वेळी 'घरी खातातच की पोरं, लागतं किती त्यांना' असं म्हणणारे मला अनसिंगच्या चहाच्या टपरीवरही भेटले आणि लग्नाच्या पंगतीतही. पंगतीतल्याने तिसऱ्यांदा जिलबी घेतली होती. असो.

परत शेडवर येतो. कंपनीला आम्ही लेखी दिलं की भांडी कधी उचलली आणि गाडी कधी आली, या दोन्ही वेळा वजनाच्या पावतीवर लिहा, आणि बारा तासांपुढची घट शेतकऱ्याच्या माथी मारू नका. उत्तर अजून आलेलं नाही. कोणी म्हणेल, यात कोंबडीचं भलं कुठे आलं, तुम्ही तर पुतण्याच्या पैशाचं बोलताय. हो, बोलतोय. उशिराचे पैसे ज्याला भरावे लागतील त्याचीच गाडी वेळेवर निघते. कोंबडीला तीस तासांऐवजी दहा तास उपास घडला तर तो कोणाच्या दयेने घडला, हे ती विचारणार नाही.

तोवर पुतण्याने स्वतःचा एक कायदा केला आहे. गाडी वाशिम सोडून पुसद रोडला लागल्याचा फोन ड्रायव्हरने स्वतः केल्याशिवाय हा भांड्यांना हात लावत नाही. गेल्या बॅचला सुपरवायझर खूप चिडला, पोटं भरलेली आहेत, वजन फुगवून देता म्हणाला. हा म्हणाला, "साहेब, मागच्या टायमाले रिकामी दिली व्हती, तवा तुमी काही म्हटलं नाई." गाडी त्या दिवशी चार तास उशिरा आली. पक्षी तोवर खात होते, शेडमध्ये इतका कलकलाट होता की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.